स्टॉब्ज चोर निघो

नऊ नंबरच्या फाटकाशी ऑड्री थबकली. आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या भाजीच्या तुकड्यावर आलो की काय, असं तिला वाटलं. काल संध्याकाळपर्यंत इथला निम्मा तुकडा चांदवेलीने गिळलेला होता. घेवड्याच्या काठ्यांवर चांदवेल, रासबेरीवर चांदवेल, खोपटाच्या कडीलासुद्धा चांदवेल आणि वर पांढरी फुलं अशी मिरवत, की जणू कुणी हौसेने लावली आहेत. आणि आता बटाट्याच्या आणि घेवड्याच्या ओळी सोडल्या तर या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नुसती काळी, भुसभुशीत माती. मधोमध तिचा धाकटा भाऊ कॉलिन, भाड्याने आणलेल्या रोटाव्हेटरच्या दांड्यांवर हात टेकून, गड जिंकल्यासारखा उभा.

"बघ!" तो ओरडला. "तू पाच आठवडे गुडघ्यांवर रांगतेयस. मी सकाळच्या सकाळी उडवलं."

त्याची बायको इव्हॉन घडीच्या खुर्चीत बसून स्टॉटी पावात हॅम आणि वाटाण्याचा लगदा भरत होती. तिने मान वर केली नाही. इव्हॉन मान वर करत नाही म्हणजे तिला आधीच काहीतरी कळलेलं असतं, हे ऑड्रीला वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

ऑड्रीने खाली वाकून मूठभर माती उचलली. मातीत पांढरे, शेवयांसारखे तुकडे होते. दुसरी मूठ उचलली, त्यातही तेच.

"हे काय आहे, कॉलिन?"

"मुळं. तुकडे तुकडे करून टाकले. मेली सगळी."

"मेली नाहीत रे बाबा! या मुळाचा बोटभर तुकडा जरी मातीत राहिला, तरी त्याची नवी वेल होते. म्हणून तर मी एकेक मूळ काट्याने सोडवून, अख्खं बाहेर काढून त्या पत्र्यावर वाळत घालत होते. काल इथे शंभर वेली असतील. आता मोज."

कॉलिनने मातीकडे पाहिलं. "पण दिसतंय तर छान."

"आज दिसतंय!"

"आजच तर पाहणी आहे ना? आज छान दिसलं म्हणजे झालं."

तेवढ्यापुरतं ते खरं होतं. हे तुकडे भाड्याने देणाऱ्या मंडळाची पाहणी दुपारी होती. चारातल्या तीन हिश्शांच्या वर जमीन लागवडीखाली नसेल, तण माजलं असेल, तर नोटीस, आणि नोटिशीनंतर तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला. बाबांचा खुबा मार्चमध्ये मोडला, तेव्हापासून तुकड्याला कुणी वाली नव्हता. शाळेतल्या पोरांना जेवण वाढून, घरी येऊन बाबांना वाढून, मग ऑड्री इथे यायची. कॉलिन न्यूकॅसलहून महिन्यातून एकदा यायचा, आणि बाबा सगळ्या गल्लीला सांगायचे, माझा मुलगा आला होता हो.

"मी त्याला म्हटलं होतं, ऑड्रीला विचार म्हणून," इव्हॉन म्हणाली.

"तू कधी म्हटलंस?" कॉलिन.

"मनात म्हटलं होतं."

ऑड्री काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर मागच्या कोपऱ्याकडे गेली, काचघराशेजारी. तिथे तीन बांबू रोवलेले असायचे. बांबू आता आडवे पडले होते. त्यांना बांधलेलं काहीच नव्हतं.

"कॉलिन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "त्या बांबूंना बांधलेलं कुठंय?"

"ते कांदे? ते सगळे गोंड्यावर आले होते गं. हे एवढे उंच दांडे, वर हा एवढा गोंडा. भाजी गोंड्यावर आली म्हणजे फुकट गेली, एवढं मलाही कळतं. उपटून टाकले."

"कुठे टाकले?"

कॉलिनने हनुवटीने पिंपाकडे खूण केली. पिंपातून धूर येत होता. त्याने वर डिझेलही शिंपडलं होतं, ओला पाला नीट पेटावा म्हणून. कामात कसर ठेवणाऱ्यातला तो नव्हताच.

ऑड्री पिंपाजवळ गेली. काठीने ढवळलं. आत काळा लगदा होता आणि उग्र कांद्याचा वास. ती तिथेच उलट्या बादलीवर बसली.

"ते कांदे नव्हते," ती म्हणाली. "तो आपला लीक होता."

कॉलिनच्या हातातला रुमाल खाली पडला. न्यूकॅसलला जाऊन विम्याच्या कचेरीत बसला, टाय लावायला लागला, तरी तो हेपल घराण्याचाच मुलगा होता. 'आपला लीक' म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागलं नाही.

लीक म्हणजे कांद्याचा चुलतभाऊ, आणि कुठल्याही दुकानात मिळतो. पण या क्रेकसाइड गावात दुकानातला लीक सूपमध्ये जातो आणि घरचा लीक सप्टेंबरातल्या प्रदर्शनात, क्लबातल्या लांब टेबलावर, काळ्या मखमलीवर. मनगट कसलं, मांडीएवढा जाड, दुधासारखा पांढरा, आणि जोडीने मांडायचा, एक दुसऱ्याचं प्रतिबिंब वाटावा असा. ऑड्रीच्या आजोबांनी खाणीतून वर येऊन, अंगावरचा कोळसा न धुता जो लीक जोपासला, तोच बाबांनी जोपासला. बियाणं नव्हेच ते. हंगामातला सगळ्यात देखणा लीक प्रदर्शनातून परत आणून पुन्हा रोवायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात तो दांडा टाकतो, दांड्याला गोंडा येतो, गोंड्यातल्या कळ्या खुडत राहिलं की तिथेच बारीक पोरं फुटतात, आणि ती पोरं म्हणजे पुढल्या वर्षीचे लीक. इतर सगळ्या जगात गोंड्यावर आलेली भाजी उकिरड्यावर जाते. लीकवाल्याच्या घरात मात्र तिला पाळण्यात ठेवायचं तेवढं बाकी असतं. कॉलिन बाबांच्या हाताखाली आणखी दोन वर्षं राहिला असता तर त्यालाही हे कळलं असतं.

"काचघरात रोपं असतील ना?" त्याने विचारलं. "यंदाची?"

"मार्चमध्ये सगळे इस्पितळात बसलो होतो. काचघराला पाणी घातलं कुणी? वाळून कोळसा झाली. यंदा एकही लीक लागला नाही. ते तीन दांडे तेवढे उरले होते."

इव्हॉनने सुरी खाली ठेवली. "बाबांना माहीत आहे, फक्त तीनच उरलेत ते?"

"रोज रात्री विचारतात. 'कळ्या खुडल्यास का?' एवढंच विचारतात. मी जेवले का, हे नाही विचारत."

पाहणीला तिघे आले. पुढे नॉर्मन स्टॉब्ज, मंडळाचा अध्यक्ष आणि आठ नंबरचा शेजारी. पंचाहत्तरीच्या पुढचा, कडक उन्हातही डोक्यावर टोपी, बोलायला महाग. मागचे दोघे काळ्या मातीकडे पाहून "वा, वा" म्हणाले. स्टॉब्जने बुटाच्या टाचेने माती उकरली, पांढरे तुकडे बघितले आणि कॉलिनकडे अशा नजरेने पाहिलं की कॉलिन उगाचच रोटाव्हेटर पुसू लागला. मग स्टॉब्जची नजर कोपऱ्यातल्या आडव्या बांबूंवर गेली, तिथून धुराच्या पिंपावर, आणि पिंपावरून ऑड्रीच्या तोंडावर.

"तुकडा पास," तो म्हणाला. जाता जाता तिच्याजवळ थांबला. "तुझ्या बापाला कळलं? मॅटीला?"

"नाही अजून."

त्याने टोपी काढली, घातली, आणि गेला. अंत्ययात्रा जाताना तो तशी टोपी काढत असे.

ऑड्रीच्या स्वयंपाकघरात तिघांची सभा बसली. बाबा पुढच्या खोलीत रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकत होते, त्यामुळे हळू बोलायचं ठरलं. हेपलांच्या घरात हळू बोलणं म्हणजे शेजाऱ्यांना फक्त अर्धंच ऐकू जाणं.

"सांगायचंच कशाला?" कॉलिन म्हणाला. "त्यांना सप्टेंबरपर्यंत तिकडे नेऊच नका."

"ते उद्या चालायला लागले तर तू त्यांचे पाय बांधणार आहेस का?"

"मग दुसरे दांडे आणून बांधू. कुणाचेही. लीक तो लीक."

"कॉलिन, ते पानाची कडा बघून सांगतात कुठल्या गल्लीतला आहे ते."

"मग सांगू, कुणीतरी कापून नेले म्हणून." त्याने आवाज आणखी खाली आणला. "पूर्वी नाही का, प्रदर्शनाच्या आधी एकमेकांचे लीक सुऱ्यांनी कापायचे? स्टॉब्जने केलं म्हणू. बाबा लगेच विश्वास ठेवतील. त्यांना आनंदच होईल."

आतापर्यंत इव्हॉन नवऱ्याच्या बाजूच्या खुर्चीवर होती. ती उठली आणि चहाचा कप घेऊन ऑड्रीच्या शेजारी येऊन बसली.

"लाज नाही वाटत?" ती म्हणाली. "एका म्हाताऱ्याचा लीक जाळायचा आणि दुसऱ्या म्हाताऱ्याच्या नावावर घालायचा?"

"मी मदत करायला गेलो होतो! घरचं पेट्रोल जाळून गेलो होतो!"

"तू नेहमी मदत करायलाच जातोस," ऑड्री म्हणाली. पाच आठवड्यांचे गुडघे, पाठ, चांदवेल आणि त्याआधीची कैक वर्षं तिच्या घशाशी आली होती. "आईच्या शेवटच्या आजारात मदत करायला आलास आणि नळ दुरुस्त करतो म्हणून घरात तळं केलंस. तुझ्या मदतीनंतर जे निस्तरायचं असतं, त्याला कोण येतं मदतीला? तू येतोस, बाबा खूश, तू जातोस. मग मी असतेच."

"मग मला बोलवायचं नाही!"

"मी बोलावलं नव्हतं!"

"काय जाळलं?"

दारात मॅटी हेपल उभा होता. दोन्ही हात दाराच्या चौकटीवर, चालायचा वॉकर मागे खोलीतच. रेडिओ केव्हाच बंद झाला होता, हे भांडणात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी कॉलिनच बोलला. त्याचं एक होतं, खोटं रचायला तो पुढे असे, पण बाबांच्या तोंडावर त्याला ते कधी बोलता येत नसे. "गोंड्याचे दांडे, बाबा. मला वाटलं, कांदे गोंड्यावर आलेत."

"तिन्ही?"

"तिन्ही."

ऑड्रीला वाटलं, आता छप्पर उडणार. उडायलाच हवं होतं. गेल्या आठवड्यात अंडं जास्त उकडलं म्हणून तिने अर्धा तास ऐकून घेतलं होतं. पण म्हातारा खुर्चीपर्यंत सरकत आला, बसला, आणि टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करू लागला.

"माझ्या बापाचा होता तो," तो म्हणाला. "माझ्याकडे नुसता सांभाळायला होता."

कॉलिन रडायला लागला, चांगला पन्नाशीचा पुरुष. ऑड्रीला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी चीड आली.

मग इव्हॉन म्हणाली, "पण बाबा, तुम्हीच म्हणता ना, स्टॉब्जने तुमचा लीक चोरला? मग तो त्याच्याकडे असेलच की."

इव्हॉन लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ही एकच गोष्ट तिने आठवड्यातून दोनदा ऐकली होती. स्टॉब्जला मॅटी नावाने हाक मारत नसे. 'चोर' म्हणे. चोराचे बटाटे बसले वाटतं. चोर आज खोकत होता. मंडळाच्या सभेत तो उभा राहून "अध्यक्ष चोरांना माझा प्रश्न आहे," असं सुरू करी. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या गोंड्यातली मूठभर पोरं नाहीशी झाली होती, आणि दोन वर्षांनी स्टॉब्जने क्लबात जी जोडी मांडली, तिच्या पानांवर तीच निळसर झाक होती. स्टॉब्ज फक्त एवढंच म्हणे, "मी चोरलेलं नाही." त्यापुढे कधी एक शब्द नाही.

मॅटीने कण गोळा करणं थांबवलं.

"आहेच त्याच्याकडे," तो सावकाश म्हणाला.

"मग मागू या!" कॉलिनने डोळे पुसले. "मी आत्ता जातो."

"माझीच वस्तू? चोराच्या दारात हात पसरून? तो म्हणेल, माझा लीक तुला उपकार म्हणून देतो. आणि मी घेऊ? मरेन पण घेणार नाही."

"मग काय करायचं?" ऑड्रीने विचारलं.

"त्याने आणून द्यावा. चोरला म्हणून कबूल करून. मग तो माझाच परत आला."

"आणि त्याने खरंच चोरला नसेल तर?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. इतकी भीती तिने त्याच्या डोळ्यांत इस्पितळातही पाहिली नव्हती. "नसेल," तो म्हणाला, "तर मग कुठेच नाही. संपला." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "देवा, तो चोरच असू दे."

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत चांदवेलीने कॉलिनचं सगळं कर्तृत्व बाहेर काढलं. काळ्या मातीत जिथे म्हणून बोट ठेवावं तिथे एक हिरवं टोक. पूर्वी वेल धरली की मूळ तरी सापडायचं. आता गव्हासारखी उगवली होती, आणि खुरपं लावायला गेलं की आणखी दोन तुकडे. शनिवारी कॉलिन आला, स्वतःहून, कार्यालयाच्या जुन्या पँटीत, आणि गुडघ्यांवर बसून काढू लागला. अर्ध्या ओळीत त्याची कंबर गेली.

"हे कधी संपतं?" त्याने विचारलं.

"माझ्या हिशेबाने, तू निवृत्त होशील तेव्हा."

घरी बाबा भांडत नव्हते. अंडं कच्चं असलं तरी खात, जास्त उकडलं तरी खात, किंवा दोन्ही तसंच ठेवत. कळ्या खुडल्यास का, हे विचारणं बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाला, चालवा त्यांना. ते म्हणाले, कुठे जायला? ऑड्रीने आयुष्यभर या माणसाची कटकट बंद व्हावी म्हणून देवाला विनवलं होतं, आणि आता ती बंद झाली तर तिला घरात बसवेना. सगळ्याचा तिला संताप येत होता. कॉलिनचा, चांदवेलीचा, आणि सर्वांत जास्त त्या हट्टी म्हाताऱ्याचा, ज्याचं औषध कुंपणापलीकडे उभं होतं आणि ज्याला ते फक्त चोराच्या हातून हवं होतं.

नळाशी तिला स्टॉब्ज भेटला. तो झारी भरत होता. ती रागातच होती, म्हणून सरळ विचारलं.

"चोरला होता का तुम्ही?"

स्टॉब्जने नळ बंद केला. "नाही, पोरी."

"म्हणजे तुमचा वेगळा आहे."

"वेगळा नाही. तुमचाच आहे." त्याने इकडे तिकडे पाहिलं. "तुझ्या आईने दिला."

"आईने?"

"त्या वर्षी माझी बायको एल्सी आजारी होती. मी रात्रंदिवस तिच्यापाशी. काचघरात सगळं वाळून गेलं, तुमचं यंदा गेलं तसंच. माझ्या बापाचा लीक होता तो. एल्सी गेली, लीक गेला, मी तुकडा सोडणार होतो. तुझी आई कोकोचा डबा घेऊन आली. आत ओल्या फडक्यात मूठभर पोरं. म्हणाली, एकाच घरात ठेवलेलं बियाणं एक दिवस बुडतंच, नॉर्मन, थोडं तुझ्याकडे असू दे. आणि म्हणाली, मॅटीला सांगू नकोस. त्याला हे कधी पटायचं नाही आणि मला घरात शांतता हवी."

"आणि तुम्ही बावीस वर्षं चोर म्हणवून घेतलंत?"

"शब्द दिला होता ना." त्याने झारी उचलली, पुन्हा ठेवली. "तुझी आई होती तोवर तिच्यासाठी. ती गेल्यावर... आता मेलेल्या बाईची चहाडी कुठे करायची."

ऑड्रीला हसावं की त्या झारीवर लाथ मारावी हे कळेना. आईसुद्धा! या घरात एकही माणूस सरळ बोलणारा निघाला नाही. "मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"सांग. मग तो मला चोर म्हणणार नाही, पण तिच्याबद्दल काय म्हणेल?"

काय म्हणेल हे तिला शब्दासकट ठाऊक होतं. "त्यांना कबुली हवीय," ती म्हणाली. "चोराकडून परत आलेला असेल तरच घेतील. दुसऱ्या कुठल्याच वाटेने नाही."

स्टॉब्जने आपल्या लीकच्या वाफ्याकडे पाहिलं. "रविवारी आण त्याला इथे," तो म्हणाला.

रविवारी कॉलिनने बाबांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. ते यायला तयार नव्हते. इव्हॉनने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि म्हणाली, येत नसाल तर कॉलिन पुन्हा रोटाव्हेटर आणणार आहे. त्यावर आले. फाटकातून आत येताच त्यांनी जमिनीवर उगवलेली हिरवी टोकं पाहिली आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून एक अस्सल शिवी निघाली. ऑड्रीला बरं वाटलं.

आठ नंबरच्या फाटकातून स्टॉब्ज आला. हातात बादली. बादलीत मातीच्या गोळ्यासकट एक लीक, मांडीएवढा, निळसर पानं दोन्ही बाजूंना सारखी झुकलेली. प्रदर्शनाला दोन महिने राहिले असताना त्याने तो वाफ्यातून उपटला होता. त्याचा जोडीदार तिकडे एकटाच उभा होता, आणि एकट्या लीकला क्लबात कुणी विचारत नाही. बाबांनी कुंपणापलीकडची ती रिकामी जागाही पाहिली.

स्टॉब्जने बादली खुर्चीपुढे ठेवली आणि टोपी काढली.

"मी चोरला होता, मॅटी."

मॅटीचा चेहरा बदलला. पाठ ताठ झाली. "पुन्हा बोल."

"मी चोरला होता."

"ऐकलंस?" म्हातारा कॉलिनवर ओरडला. "ऐकलंस का रे? बावीस वर्षं! सगळे म्हणायचे मॅटी वेडा आहे. कुठून आला होतास?"

स्टॉब्जला ही उलटतपासणी अपेक्षित नव्हती. "मागच्या कुंपणातून."

"तिथे तेव्हा तार होती."

"वाकवली."

"मला ठाऊक होतं! ती मी स्वतः सरळ केली होती! आणि नेलीस कशात? खिशात?"

"नाही. खिशात चुरडली असती." स्टॉब्ज थोडा गोंधळला. "कोकोच्या डब्यात."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. आईचा कोकोचा एक डबा होता, निळा, घोड्याच्या चित्राचा. तो हरवला तेव्हा बाबांनीच सगळं फडताळ खाली काढलं होतं, आणि आई म्हणाली होती, जाऊ दे हो, सापडेल. आईने त्या दिवशी स्वतः एकदाही शोधला नव्हता.

"निळा?" बाबांनी विचारलं.

"निळा," स्टॉब्ज म्हणाला, आणि लगेच, "तोही मीच उचलला. खिडकीतून."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग बादलीतल्या लीककडे. हात पुढे करून त्याने एक पान अंगठा आणि बोटात धरलं आणि बुडापासून टोकापर्यंत हळूहळू चाचपलं, ऑड्रीच्या मुलांच्या जन्मावेळी त्याने त्यांची बोटं चाचपली होती तसं. कॉलिन बोलायला गेला तेव्हा इव्हॉनने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"ऑड्री," शेवटी बाबा म्हणाले, "तो कोपऱ्यात लाव. तू लाव. कॉलिनला हात लावू देऊ नकोस."

"हो, बाबा."

"पुढल्या उन्हाळ्यात गोंडा आला की कळ्या खुडायच्या. आणि पोरं फुटली की अर्धी कुंपणापलीकडे द्यायची."

स्टॉब्ज टोपी हातात फिरवत होता. "डबा अजून माझ्या खोपटात आहे, मॅटी. आणून देतो."

"राहू दे, नॉर्मन," बाबा म्हणाले. नजर पानावरच होती. "दिलेली वस्तू परत घेत नाहीत."

ऑड्री बादली घेऊन कोपऱ्यात गेली. खड्डा खणायच्या आधी तिथली चांदवेल काढायची होती, म्हणून ती गुडघ्यांवर बसली.